फ्लॅट कालच गेला!

मलिक अंबर आज नगरला आला असता, तर त्याला सावेडीत वन बीएचके मिळाला असता का? इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1626 मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना दमवले आणि जमिनी मोजून, त्यांची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली. जमिनीचा एवढा जाणकार म्हटल्यावर एजंटने चहा नक्की पाजला असता. मग पूर्ण नाव विचारले असते. मग तो फ्लॅट कालच गेला असता.

नगरच्या घरांच्या धंद्यात सगळे कागदावर असते. जमीन सातबाऱ्यावर, एनएचा आदेश फायलीत, कार्पेट एरिया महारेराच्या संकेतस्थळावर. कागदावर नसतो तो फक्त नकार. तो फोनवर, अत्यंत गोड आवाजात मिळतो. ‘‘काय आडनाव म्हणालात? मूळ गाव कोणतं? गावात कुठल्या बाजूला घर?’’ तीन प्रश्नांत चौकशी पूर्ण. ‘‘माझं काही नाही हो, मालक जरा जुन्या विचारांचे आहेत.’’ मालकांना विचारावे, तर ते सोसायटीकडे बोट दाखवतात. सोसायटी म्हणते, आम्ही तर फक्त व्हेज-नॉनव्हेज बघतो. जातीयवादी असा या साखळीत एकही माणूस सापडत नाही, आणि तरी खोली मिळत नाही.

अमेरिकेतले दलाल या बाबतीत फारच कच्चे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 1924 च्या आचारसंहितेत चक्क लिहून ठेवले की, ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या घरांचे भाव पडतील अशा वंशाच्या माणसांना तिथे आणू नये. लिहिले म्हणून पकडले गेले. 1968 मध्ये तिथे घर देताना भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच संघटनेच्या अध्यक्षांना जुन्या धोरणांबद्दल जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे माफीची सोय नाही, कारण कोणी काही केलेलेच नाही.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याचे कलम 23 सांगते की, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. (2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली, हा भाग मात्र सोसायट्यांच्या बरोबर लक्षात राहतो.) पण ‘कालच गेला’ या दोन शब्दांवर कोणते कलम लावणार?

सरकार हातावर हात ठेवून बसलेले नाही, ते नावे बदलते. डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय योग्यच होता. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी 1978 च्या ‘बलुतं’मध्ये जो महारवाडा लिहिला, त्याची पाटी उतरायलाच हवी होती. मात्र जागा तीच राहिली, आणि पत्त्यात ‘भीमनगर’ ऐकल्यावर आडनाव विचारायचे एजंटचे कष्टही वाचले. पुढे 2024 मध्ये अख्ख्या नगर जिल्ह्यालाच चौंडीच्या अहिल्यादेवींचे नाव मिळाले. वाटसरूंसाठी देशभर धर्मशाळा बांधणाऱ्या बाईंच्या नावाच्या जिल्ह्यात शिक्षकाला, नर्सला, एमआयडीसीतल्या कामगाराला जात आणि धर्म पाहून खोली दाखवली जाते. जिल्ह्याच्या नावाला केंद्राची मंजुरी लागली. दारातला प्रश्न बदलायला कुणाचीच लागत नाही, म्हणून तो तसाच आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवे होते. त्या संतापलेल्यांत किती घरमालक होते आणि त्यांच्या भाडेकरूंची आडनावे काय होती, याची चौकशी मात्र राहून गेली.

बिल्डर म्हणतात, आम्ही गिऱ्हाईक मागेल ते देतो. गिऱ्हाईक स्विमिंग पूल मागत नसतानाही तो माहितीपत्रकात छापून खपवणारी ही मंडळी आहेत. समता खपवता येत नाही, असे त्यांनी करून बघण्याआधीच ठरवले.

महारेराने 2023 मध्ये एजंटांना परीक्षा सक्तीची केली, पण ती विक्रीच्या प्रकल्पांतल्या एजंटांना. भाड्याच्या खोल्या दाखवणारा रेरा कायद्याबाहेर मोकळाच. तेव्हा नगरच्या बिल्डर आणि एजंट मंडळींना एक विनंती: नकार लेखी द्या. घर का दिले नाही, ते मालकाने एका ओळीत लिहावे, खाली सही करावी, तारीख घालावी. कागदाचा खर्च दलालीतून करा.