धोका : दहा दिवस, नऊ रात्री

धोकादायक शिकार म्हणजे जिच्यात जनावरही शिकाऱ्याला मारू शकते अशी शिकार. व्याख्या सरळ आहे. अडचण एवढीच, की ती खरी ठरली तर गिऱ्हाईक हातचे जाते आणि राहिलेली बाकी वसूल करणे अवघड होते. म्हणून आफ्रिकेत अशा शिकारीचे नियोजन करायचे म्हणजे मरणाची शक्यता माहितीपत्रकात ठळक ठेवायची आणि रानात ती होईल तितकी पुसून टाकायची. तिथले व्यावसायिक या कामात वाकबगार आहेत.

जनावरे पाच : हत्ती, सिंह, बिबळ्या, गेंडा आणि केप बफेलो नावाचा रानरेडा. पायी गाठून मारायला सर्वांत अवघड म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी हे पंचायतन ठरवले. पुढे ‘बिग फाइव्ह’ हे नाव कॅमेरेवाल्यांनी उचलले आणि दक्षिण आफ्रिकेने पाचही जणांना आपल्या नोटांवर बसवले. पाणघोडा आणि मगर यादीत मागाहून आले. दरपत्रकात मात्र धोक्याचा आणि दराचा फारसा संबंध दिसत नाही. पाणघोडा कमालीचा तापट, पण भिंतीवर शोभत नाही, म्हणून स्वस्त. काळा गेंडा मोजकाच उरला, म्हणून सर्वांत महाग. माणसे मारण्याच्या कामात डास या सर्वांना मागे टाकतो. त्याला ट्रॉफी फी नाही.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीचा, मूळ अरबी ‘सफर’. मराठीनेही तो कधीच आपलासा केला आहे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासाला उतरले तेव्हा सफर खरोखर पायी होती. बरोबर हमालांचा तांडा, कातडी टिकवायला चार टन मीठ आणि डुकराच्या कातड्यात बांधलेल्या पुस्तकांची पेटी. बाप-लेकांनी मिळून पाचशेच्या वर जनावरे मारली. मोहिमेने किडा-मुंगीसकट अकरा हजारांवर नमुने गोळा केले आणि ते स्मिथसोनियन संस्थेला दिले. शिकारीला उदात्त कारण जोडून देण्याची रीत तेव्हा पक्की झाली. त्या वेळी कारण विज्ञान होते, आता वन्यजीव संवर्धन आहे. बंदूक तीच.

नियोजनाची पहिली पायरी देश निवडणे. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली ती आजतागायत बंद आहे. बोत्सवानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे, मोझांबिक, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका इथे दुकान चालू आहे.

यांपैकी दक्षिण आफ्रिकेची सोय खास. रानातला सिंह हवा असेल तर आठवडे मोडतात आणि तो दिसेलच असे नाही. टांझानियात त्यासाठी २१ दिवसांचा परवाना घेण्याचा प्रघात होता. शिवाय सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही, म्हणून वय ओळखायला त्याचे नाक दुर्बिणीतून निरखावे लागते. वय वाढते तसे नाक काळे पडत जाते. ज्या श्वापदाच्या दहशतीसाठी एवढे पैसे मोजले, त्याचे नाक न्याहाळत बसणे हा कित्येक गिऱ्हाइकांच्या लेखी पैशांचा अपव्ययच. त्यांच्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेला सिंह मिळतो. त्याच्या आयुष्याची घडी एखाद्या कुक्कुटपालन केंद्रासारखी बसवलेली असते. छावा असताना पर्यटक पैसे भरून त्याला बाटलीने दूध पाजतात, जरा मोठा झाला की पैसे भरून त्याच्याबरोबर फेरफटका मारतात आणि आयाळ भरली की आणखी पैसे भरून त्याला कुंपणाच्या आत गोळी घालतात. गाडीचा आवाज म्हणजे जेवण, ही त्याची लहानपणापासूनची समजूत असल्याने तो पळून जाण्याची भीती नाही. दक्षिण आफ्रिकेत रानातले सिंह तीन हजारांच्या आसपास आणि शेतावरचे आठ हजारांच्या आसपास, असा हिशेब आहे. हा धंदा बंद करण्याचे सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. जाहीर केले, इतकेच तूर्त म्हणता येते.

दुसरी पायरी करारनामा. तो लग्नाच्या कार्यालयाच्या करारासारखा वाचावा. रोजचे भाडे वेगळे आणि जनावराचे पैसे वेगळे. अनामत परत मिळत नाही. झिम्बाब्वेत रानरेड्याच्या दहा दिवसांच्या शिकारीचा एकूण आकडा साधारण पंधरा-वीस हजार डॉलरच्या घरात जातो. सिंहाचा आणि हत्तीचा त्याहून पुष्कळ जास्त. सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की रक्ताचा एक थेंब जरी जमिनीवर दिसला तरी जनावर मेले असे धरून पूर्ण पैसे आकारले जातील. जखमी रेडा पुढे दहा वर्षे सुखाने चरला तरी हिशेबाच्या वहीत तो गेलेला असतो.

तिसरी पायरी कागदपत्रे. दक्षिण आफ्रिकेत बंदूक तात्पुरती आणायची तर पोलिसांचा एसएपीएस ५२० हा अर्ज भरावा लागतो. तो काळ्या शाईनेच भरायचा आणि त्यावर सही मात्र करायची नाही. सही जोहान्सबर्गच्या विमानतळावर पोलिसासमोर करायची. हत्तीच्या समोर उभे राहण्याच्या तयारीने निघालेला माणूस घरून सही करून गेला, म्हणून खिडकीपाशी नवा अर्ज भरत बसल्याचे दृश्य या प्रकारात अशक्य नाही. काडतुसे विमानात पाच किलोंपर्यंत, तीही कुलूपबंद डब्यात. पिवळ्या तापाचा टापू असेल तर लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. भारतातून जाणाऱ्याने दाखला विशेष जपावा, कारण परत येताना तो नसेल तर शिकाऱ्यालाच विलगीकरणाच्या पिंजऱ्यात जावे लागते.

बंदूक मोठी लागते. बहुतेक ठिकाणी .३७५ ही धोकादायक जनावरांसाठी किमान समजली जाते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेले हे काडतूस अजून टिकून आहे. हौशी माणूस त्याहून मोठी दुनळी विकत घेतो, कारण ती फोटोत भारदस्त दिसते. खांद्याला तिचा धक्का बसू लागला, की बार काढण्याआधीच डोळे मिटायची सवय लागते. तळावर पोचल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला कागदी निशाणावर चार गोळ्या झाडायला लावतात. सांगायचे कारण प्रवासात दुर्बीण हलली असेल, हे. माग काढणारे जरा लांब उभे राहून पाहत असतात आणि पुढचे दहा दिवस कुणाच्या किती मागे चालायचे ते तिथेच ठरवून टाकतात.

कपडे मातकट रंगाचे. निळे-काळे कापड त्सेत्से माशीला बोलावणे धाडते. तिला पकडण्याचे सापळे त्याच रंगांचे करतात. चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी पोशाख झिम्बाब्वेत सामान्य माणसाला कायद्याने वर्ज्य आहे, तेव्हा रणवीर दिसण्याची हौस घरीच भागवून घ्यावी.

आता प्रत्यक्ष शिकार. पहाटे गाडी निघते, पाणवठ्यापाशी ताजे खूर दिसले की सगळे उतरतात. सर्वांत पुढे माग काढणारा, बहुधा हातात काठीशिवाय काही नाही. तो वाकून शेणाचा पो बोटाने दाबून पाहतो. आत ऊब असेल तर कळप फार लांब नाही. खिशात राखेची छोटी पुरचुंडी असते. चार-चार पावलांनी ती झटकायची, राख कुठे वाहते ते पाहायचे आणि वारा फिरला की मुकाट्याने वळसा घालायचा. तीन-चार तासांनी झुडपाआड रेडा दिसतो. दोन शिंगांचा विस्तार चाळीस इंच आहे की अडतीस, हे व्यावसायिक शिकारी ठरवतो. झिम्बाब्वेत या माणसाला जी परवाना-परीक्षा द्यावी लागते ती अवघडपणासाठी प्रसिद्ध आहे. त्यानंतर माग काढणारा तीन काठ्यांची तिकटी उघडून रोवतो, गिऱ्हाइकाची नळी तिच्यावर टेकवली जाते आणि व्यावसायिक कानात सांगतो, ‘आता’. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याची म्हण मराठीत आहे. इथे ती तिकटीवर ठेवतात, एवढाच फरक. गिऱ्हाइकाचा बार होतो तेव्हा शेजारच्या व्यावसायिकाने आपली बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. कुणाच्या गोळीने रेडा पडला हा प्रश्न सभ्य तळावर विचारत नाहीत.

बिबळ्यासाठी एवढी पायपीट नाही. झाडाला इम्पाला हरणाचे मढे बांधायचे, त्यासमोर गवताचे लपण करायचे आणि संध्याकाळी न शिंकता बसायचे. जेवायला आलेल्याला मारण्याचा हा प्रकार मनुष्यसमाजात गैर मानला जातो.

धोका यात कुठेच नाही असे नव्हे. तो फक्त हुशारीने वाटून दिलेला असतो. जखमी रेडा पळतो, वळसा घालून आपल्याच मागाच्या कडेला दबा धरतो आणि पाठलाग करणाऱ्यांची वाट पाहतो. अशा वेळी उंच गवतात व्यावसायिक आणि माग काढणारे शिरतात. गिऱ्हाइकाला पुष्कळदा मागेच थांबायला सांगतात. पडलेले जनावर मेले की नाही हे नळीचे टोक डोळ्याच्या बुबुळाला लावून पाहतात. आणि ज्यांच्या मक्याच्या शेतात हत्ती रात्री शिरतो, त्या गावकऱ्यांचा धोका तर बाराही महिने चालतो, विनापरवाना आणि विनामूल्य.

इथे शिकारीच्या बाजूचे खरे म्हणणे येते, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. नामिबियाने १९९६ पासून गावांना आपापल्या टापूतील वन्यजीवांवर हक्क दिला. शिकारीचे पैसे आणि मांस गावात जाते, मग हत्ती नुसता उपद्रवी राहत नाही. दक्षिणी पांढरा गेंडा मूठभरांवरून हजारांवर गेला, त्यात खासगी शेतमालकांचा आणि शिकारीच्या उत्पन्नाचा वाटा आहे. २०२४ मध्ये जर्मनीने ट्रॉफींच्या आयातीवर बंधने आणायचे मनात घेतले तेव्हा बोत्सवानाच्या अध्यक्षांनी वीस हजार हत्ती जर्मनीला भेट देऊ केले, आणि आपण थट्टा करत नसल्याचेही बजावले. सुमारे एक लाख तीस हजार हत्ती सांभाळणाऱ्या देशाचा तो आहेर होता. जर्मनीने तो घेतला नाही. मात्र पैसा गावात किती पोचतो आणि वाटेत किती मुरतो, हे देशागणिक, किंबहुना तालुक्यागणिक बदलते, आणि माहितीपत्रकात ते पान नसते.

अलीकडे खरा धोका जनावर मेल्यानंतर सुरू होतो. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर एका अमेरिकी दंतवैद्याने सेसिल नावाचा सिंह मारला. सुमारे पन्नास हजार डॉलर मोजलेले. आधी बाण लागला, सिंह मेला तो काही तासांनी. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा पट्टा होता. मग दंतवैद्याच्या दवाखान्याच्या दारात लोकांनी कापसाचे सिंह आणून ठेवले आणि दवाखाना काही काळ बंद ठेवावा लागला. पाठोपाठ अनेक विमान कंपन्यांनी बिग फाइव्हची मुंडकी वाहून नेणे बंद केले. त्याआधी २०१४ मध्ये डलासच्या लिलावात नामिबियातील एका काळ्या गेंड्याच्या शिकारीसाठी साडेतीन लाख डॉलरची बोली लागली. बोली जिंकणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गेंड्याला याची काहीच कल्पना नव्हती.

तरीही फोटो काढायचाच असतो, आणि त्याचे शास्त्र आहे. रक्त पाण्याने धुवायचे, जीभ आत ढकलायची, आडवे येणारे गवत कापायचे, डोक्याखाली दगड देऊन मान उचलायची. शिकाऱ्याने जनावराच्या बरेच मागे बसायचे, म्हणजे जनावर दुप्पट दिसते. माग काढणारा फोटोत नसतो. बऱ्याचदा तोच तो काढत असतो.

उरले मुंडके. ते मीठ, परवाने आणि आरोग्य-दाखले यांच्या वाटेने घरी यायला वर्षसुद्धा लागते. पूर्वी घाई नसे. १८९८ मध्ये केनियात रेल्वेच्या कामावरचे भारतीय मजूर खाणारे त्सावोचे दोन सिंह मारणाऱ्या पॅटरसन साहेबाने त्यांची कातडी पंचवीस वर्षे घरात सतरंजीसारखी अंथरली. १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने ती पाच हजार डॉलरला घेऊन भरून उभी केली. झिजलेले, कातरलेले कातडे पुरेना, म्हणून तिथले नरभक्षक मूळच्यापेक्षा लहान झाले. भारतात उलटी वाहतूकही झाली आहे : कोल्हापूर संस्थानाने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून जिवंत चित्ते आणून पाळले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथला शिकारीचा शौक संपला. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून पुन्हा आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. या वेळी शिकार करायची ती त्यांनी स्वतःसाठी.

पेंढा भरणारा कारागीर शेवटी एक अर्ज पाठवतो. मान डावीकडे की उजवीकडे, कान उभे की पाडलेले, तोंड मिटलेले की उघडे. आमिषावर वाकलेला किंवा सावलीत पेंगत असलेला सिंह मेला तेव्हा त्याचे तोंड जसे होते तो पर्याय स्वस्त असतो. उघड्या तोंडाला जादा आकार पडतो, कारण जीभ नकली बसवावी लागते आणि पुष्कळदा दातही.