थ्रीडीत घर कसं सजवावं (कूलर वगळून)

नागपुरात इंटिरियरचं काम मिळवायला पूर्वी सनमायकाचे जाडजूड कॅटलॉग काखेत मारून फिरावं लागे. आता लॅपटॉप पुरतो. बेसा, मनीषनगर, जयताळा, कुठेही टू-बीएचकेचा ताबा मिळालेलं कुटुंब समोर बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘थ्रीडी दाखवता नं?’ दाखवायचं. पुढचं मार्गदर्शन त्याचसाठी आहे. ते नीट पाळल्यास ॲडव्हान्स पहिल्याच बैठकीत मिळतो. न पाळल्यास घर राहण्याजोगं होण्याचा धोका संभवतो.

सॉफ्टवेअर म्हणून स्केचअप घ्यावं. २००० साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी ते जन्मलं. २००६ मध्ये ते गूगलकडे गेलं आणि २०१२ पासून ट्रिम्बलच्या घरी नांदतं आहे. जमिनीवर चौकोन काढायचा, माउसनं वर ओढायचा, की भिंत उभी. पाणी मारणं नाही, प्लास्टर नाही. फाइल उघडताच एक माणूस आधीपासून उभा असतो. तो उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवलेला आहे. त्याला हलवू नका. या घरात त्रास न होता राहू शकणारा तो एकटाच आहे.

मापं बिल्डरच्या ब्रोशरवरून घ्यावीत. साइटवर टेप लावण्याची हौस बरी नव्हे. तिथं मिस्त्री भिंतीला गुण्या लावून म्हणतो, ‘भाऊ, दीवार दो सूत बाहर है.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. मॉडेलमधली भिंत मात्र काटकोनात जन्मते आणि काटकोनातच मरते. तुम्ही मिलिमीटरात बोला, मिस्त्री सुतात बोलेल, आणि मधली फट पुट्टीनं भरली जाईल.

प्लायच्या बाबतीतही मन मोठं ठेवा. खरी पाटी आठ फूट बाय चार फूट येते. तुमच्या टीव्हीमागचं पॅनेल मात्र जमिनीपासून छतापर्यंत एकसंध जाऊ द्या. आठ फुटांवर जोड येणारच, तिथं मिस्त्री सोनेरी टी-पट्टी ठोकेल आणि गिऱ्हाइकाला ती डिझाइन वाटेल. लाकूड ‘टीक’ नावाच्या टेक्श्चरमधून निवडावं. लकडगंज तीन किलोमीटरवर असलं तरी तिकडे फिरकू नये. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला सागवान नागपुरातून गेलं. आपल्या टीव्ही युनिटला साग छापलेला कागद चालतो.

आता सूर्य. इथं फार सांभाळून राहायला हवं, कारण स्केचअपमध्ये सावल्यांचं एक यंत्र आहे आणि ते खरं बोलतं. मॉडेल पृथ्वीवर कुठं आहे, तारीख कोणती, वाजले किती, एवढं सांगितलं की ऊन कुठून शिरणार ते खिडकीगणिक दाखवतं. म्हणून जागेचा रकाना भरू नये. रिकामा ठेवला की तुमचा बेशातला फ्लॅट आपल्या जन्मगावी बोल्डरलाच आहे, असं समजायची या सॉफ्टवेअरची जुनी सवय आहे. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथं दुपारी बाराचा सूर्य बारा महिने दक्षिणेला राहतो, शहाण्यासारखा वागतो, आणि त्याचं ऊन सोफ्यावर पडलं तर माणसं आनंदानं तिथं जाऊन बसतात.

चुकून कुणी ‘नागपूर’ टाइप केलं तर पंचाईत. आपण २१ अंशांच्या जरा वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. २६ मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि बाल्कनीच्या रेलिंगची सावली तिच्याच पायाखाली जाते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. जूनमध्ये तो उगवतो ईशान्येला आणि मावळतो वायव्येला. म्हणजे ‘उत्तरेची आहे, थंड राहते’ म्हणून जिचे चौरस फुटाला जास्त पैसे मोजले, त्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळ ऊन आत येतं. पश्चिमेच्या बेडरूमबद्दल तर बोलूच नये. मे महिन्यातल्या साडेपाचच्या उन्हात ती भिंत दाखवली, तर गिऱ्हाईक कपाट तिकडे सरकवायला सांगेल, बाहेर छज्जा मागेल, आणि तुमचा काचेचा वॉर्डरोब गेला. फार कुतूहल वाटलं तर हा प्रयोग दार लावून, एकट्यानं करावा.

रेंडर काढताना मात्र हेच ऊन कामाला येतं. पडद्यातून तिरपी किरणं, फरशीवर केशरी पट्टे! रेंडरमध्ये प्रकाश असतो, तापमान नसतं. या सोयीवर आपला सगळा धंदा उभा आहे.

कॅमेऱ्याचा कोन ताणून घ्या. दहा बाय दहाची खोली तरीही अपुरी वाटली, तर मागची भिंत लपवा आणि शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये उभं राहून फोटो काढा. सीलिंग फॅन काढून टाकावा. फॉल्स सीलिंगच्या लपलेल्या दिव्यांपुढे तो गावंढळ दिसतो. सामान तयार मिळतं: पांढरा सोफा, उघडं पडलेलं इंग्रजी पुस्तक, टेबलावर हिरव्या सफरचंदांचा वाडगा. संत्र्यांच्या शहरात सफरचंदं का, असं कुणी विचारलंच तर लिंबं आणून मोठी करा आणि केशरी रंग द्या.

माठ, गव्हाची कोठी, पापडाचे डबे आणि आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट यांची मॉडेलं शोधू नयेत. त्या कपाटाविषयी बैठकीत ‘नंतर बघू’ एवढंच म्हणावं. ते नंतर नव्या वॉर्डरोबसमोर, दाराआड उभं राहतं आणि दोघांचीही दारं अर्धीच उघडतात.

एवढं सगळं जमलं तरी एक परीक्षा उरते. बैठकीत सगळे ‘वा’ म्हणत असताना कोपऱ्यातली आजी चष्मा वर करून विचारते, ‘अन् कूलर कुठी लावसान जी?’

तयारी ठेवा. कूलर म्हणजे पत्र्याचा पेटारा, खसाच्या टाट्या, लोखंडी स्टँड, पाण्याची नळी आणि रात्रभर चालणारा पंप. तो खिडकीबाहेर बसतो, आणि आत येणाऱ्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोली नुसतीच दमट होते. म्हणजे कूलर मांडायचा तर आधी खिडकी, मग दार, मग पलंग, असा नकाशा करावा लागेल. पारा ४५ वर जाणाऱ्या गावात हा विचार कुणाला सुचू शकतो, पण त्यात रेंडर मार खातो. आजीला नम्रपणे सांगावं, ‘आजी, एसी येतो नं.’ ती म्हणेल, ‘बिल कोन भरन?’ इथं सर्वांनी हसावं आणि तुम्ही पुढची स्लाइड घ्यावी. त्या खिडकीवर तुम्ही फ्लूटेड पॅनेल दाखवलेलं असेल, ते झूम करून दाखवावं.

अंतिम रेंडर रात्री लावून झोपावं. मे महिन्यात लॅपटॉप फार तापतो. तो कूलरसमोर ठेवावा, पण अगदी जवळ नको, फवारा उडतो.

काम होळीच्या आधी संपवावं आणि शेवटचा हप्ताही तेव्हाच घ्यावा. होळीनंतर फोन येईलच. मग मिस्त्रीला करवत देऊन पाठवावं. तो त्या फ्लूटेड पॅनेलला दीड तासात चौकोनी भोक पाडतो. बिलात त्याला ‘व्हेंटिलेशन कटआउट’ म्हणावं. कूलरचं नाव लिहिलं की लोक भाव करतात.