तुर्कूचा क आणि अकलेचा कांदा

तुर्कू, फिनलंड
१५ नोव्हेंबर

ती. आप्पा आणि आई यांस,


परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "सूनबाई, तुम्ही राहता तरी नक्की कुठं? तू म्हणतेस तुर्कू, चिमी म्हणते तुरुस्सा. घर बदललं का?" घर तेच आहे, आप्पा. गावाचं नाव तुर्कूच, पण 'तुर्कूत' म्हणायचं झालं की इथली माणसं त्यातला क काढून टाकतात आणि 'तुरुस्सा' म्हणतात. गावाचं नशीबच तसलं. राजधानी होती, ती १८१२ साली हेलसिंकीला गेली. उरलेला क विभक्ती नेते. हेलसिंकीवाल्यांचंही धड नाही म्हणा. 'हेलसिंगिस्सा' म्हणताना त्यांच्या क चा ग होतो.

भाषेच्या वर्गात मी यावर दोन वर्षं बोटं मोडतेय. दुकान म्हणजे कौप्पा, दुकानात म्हणजे कौपस्सा. फूल कुक्का, फुलाचं कुकन. बाई सांगतात, पुढचं अक्षर व्यंजनानं बंद झालं की आधीचं व्यंजन मवाळ होतं. मी वर्गात ठणकावून सांगितलं होतं, आमच्या मराठीत असली उचलेगिरी चालत नाही.

शनिवारी तुमच्या चिरंजिवांनी पाणी न घालता कुकर चढवला. चिमी ओरडली, "बाबा अक्कलचा कांदा!" मी म्हटलं, "अक्कलचा नव्हे गं, अकलेचा."

"मग एक क कुठं गेला?"

आप्पा, माझी बोलतीच बंद. भात राहिला बाजूला, रात्री अकरापर्यंत आम्ही शब्द शोधत बसलो. चप्पल–चपलेला, डुक्कर–डुकराला, छप्पर–छपरावर, रक्कम–रकमेचा. घरचेच चोर! कारण मात्र निराळं. 'चपलेला' म्हणताना आपण मधला अ गिळतो, मग प, प आणि ल यांची दाटी होते. मंचरच्या एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा टेकला की एकाला उठावं लागतं, तसं. किल्ल्यानं तेवढी दाद दिली नाही. किल्ल्यात म्हणा, किल्ल्यावर म्हणा, दोन्ही ल जागच्या जागी, कारण तिथं गिळायला अ नाहीच. (तुमचे चिरंजीव म्हणतात, कारणबिरण काही नाही, शिवनेरीच्या मुलखातला शब्द आहे तो.)

हल्ली चिमी 'पाऊसात' म्हणाली की मी 'पावसात' करते, आणि मी 'कौप्पस्सा' म्हटलं की ती कपाळाला हात लावते.

आणखी एक गंमत. सासऱ्याला इथं 'अप्पी' म्हणतात. खरंच! पण 'सासऱ्याचं' म्हटलं की 'अपेन', एक प कमी. सासू 'अनोप्पी', सासूचं 'अनोपिन'. आईंना म्हणावं, तुमचं काही कमी करणारी मी नव्हे, ते व्याकरण आहे.

आप्पा, उसाला पाणी द्यायला रात्री एकटे जाऊ नका. बिबट्या ऊस आणि उसात असला भेद करत नाही.

आपली,
सूनबाई

ता. क. चिमीच्या चपला कुणाबरोबर पाठवाल तेव्हा नीट बांधून द्या. चपलेतला एक प गेला तर चालेल, जोडीतली एक चप्पल जाऊ देऊ नका.