परदेशी दुकानात दोन अंडी मागण्याची शास्त्रोक्त पद्धत

लिस्बनहून निघून बुखारेस्टपर्यंत जाणाऱ्या प्रवाशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. शाकाहाऱ्यांनी पाव मागावा. मनस्ताप तितकाच होईल.

उद्दिष्ट. एका अंड्याची दोन अंडी करणे. कोंबडीला याला जेमतेम एक दिवस लागतो. लॅटिनच्या लेकीबाळींनी, म्हणजे तिच्यापासून निघालेल्या भाषांनी, याच कामात दोन हजार वर्षे घालवली आणि त्यांचे अजून एकमत नाही.

पूर्वतयारी. नकाशा पसरावा. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ला स्पेत्सिया आणि पूर्व किनाऱ्यावरचे रिमिनी यांना जोडणारी रेघ मारावी. वाल्टर फॉन वार्टबुर्ग या स्विस भाषापंडिताने १९३०च्या दशकात ही सीमा नावारूपाला आणली. रेघेच्या वायव्येला पोर्तुगीज, स्पॅनिश, कॅटलान आणि फ्रेंच: तिथे शेवटी ‘स्’ लावला की अनेकवचन झाले. आग्नेयेला इटालियन आणि रोमानियन: तिथे लॅटिनमधला शेवटचा ‘स्’ गळून पडला, म्हणून सारा भार शेवटच्या स्वरावर. नियम संपला. आता तो विसरण्याच्या तयारीला लागावे. सार्डिनिया राज्यकारभाराने इटलीत, पण तिथली भाषा ‘स्’ सोडत नाही. मिलान रेघेच्या वर, पण तिथल्या बोलीत ‘स्’ नाहीच. एक बूट ‘स्कार्पा’, आणि दोन झाले की शेवटचा ‘आ’ कापून नुसते ‘स्कार्प’. वस्तू वाढली, शब्द आखडला.

पायरी १ : लिस्बन. एक अंडे ‘ओव्हु’. दोन अंड्यांसाठी शेवटी ‘श’ लावून भागत नाही. आतला ‘ओ’ तोंड उघडून ‘ऑ’ करावा लागतो: ‘ऑव्हुश’. लिहिताना हा फरक दिसत नाही, म्हणून पुस्तकावर विसंबू नये. सोबत पाव मागू नये. मराठीत आलेला पाव पोर्तुगीजांचाच, पण आपण ‘एक पाव, दोन पाव’ म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे ‘आंउ’ने संपणाऱ्या शब्दांची तीन प्रकारची अनेकवचने आहेत: हाताचे वेगळे, पावाचे वेगळे, सिंहाचे वेगळे. कारण लॅटिनमध्ये हे तिन्ही शब्द निरनिराळे होते. एकवचनात ते एकत्र आले, अनेकवचनात जुनी वाटणी कायम राहिली.

पायरी २ : माद्रिद. ‘उएवो’चे ‘उएवोस’. इतके सोपे निघाले की संशय घ्यावा. दुकानदार पुरुष असेल तर ‘तुमच्याकडे अंडी आहेत का?’ असे विचारू नये. या अनेकवचनाला दुसरा, शारीरिक अर्थ आहे आणि प्रश्न त्याच्या मर्दानगीवर जातो. ‘दुकानात अंडी मिळतील का?’ असे विचारावे. मेक्सिकोत जुनी मंडळी हा घोळ टाळायला अंड्यांना ‘ब्लांकियोस’, म्हणजे ‘पांढुरकी’, म्हणतात.

पायरी ३ : पॅरिस. एक अंडे ‘अफ्’ असे काहीसे. अनेकवचनात कागदावर ‘स्’ वाढतो. तो उच्चारू नये. त्याच्या आधीचा ‘फ्’ही उच्चारू नये. उरलेल्या स्वरासाठी ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणावा आणि थांबावे. लिपीत अक्षर चढले, तोंडातून एक गेले. चंबू नीट जमला नाही तर दोन बोटे दाखवावीत.

पायरी ४ : फ्लोरेन्स. एक अंडे ‘उओवो’, पुल्लिंगी. दुसरे अंडे शेजारी ठेवताच दोन्ही स्त्रीलिंगी होतात: ‘उओवा’. ताजे अंडे ‘फ्रेस्को’, ताजी अंडी ‘फ्रेस्के’. घाबरू नये, आपण ‘ती मुलगी’ आणि ‘ती अंडी’ एकाच ‘ती’वर भागवतो, तसलाच प्रकार आहे. लॅटिनचे नपुंसकलिंगी अनेकवचन ‘आ’ने संपे, स्त्रीलिंगी एकवचनही ‘आ’ने, नपुंसकलिंग गेल्यावर हा ‘आ’ स्त्रियांच्या खात्यात जमा झाला. हाताची बोटे, दंड, ओठ आणि गुडघे हेही इटालियनमध्ये असेच एकटे असताना पुरुष आणि जमले की स्त्रिया.

पायरी ५ : बुखारेस्ट. इटालियनांनी अपवाद म्हणून ठेवलेली ही चाल रोमानियनांनी कायद्यात बसवली. एकवचनी पुरुष आणि अनेकवचनी स्त्री अशा नामांचा तिथे मोठा वर्गच आहे. अंडे ‘ओउ’, अंडी ‘ओउअ’. ‘दोन’ हा शब्दही लिंग पाहून बदलतो, म्हणून ‘दोउअ ओउअ’. हे म्हणताना तुम्हाला जांभई आली असे दुकानदाराला वाटू शकते. अधिक हवी असल्यास एकोणीसवर थांबावे. विसापासून पुढे संख्या आणि अंडी यांच्यामध्ये ‘दे’ घालावा लागतो.

शंकासमाधान. ‘दोन म्हटल्यावर एकाहून जास्त आहेत हे कळलेच, मग नामाला का छळायचे?’ शंका रास्त आहे. अशा प्रवाशांनी रोमानियाची हद्द ओलांडून शेजारच्या हंगेरीत जावे. हंगेरियन ही लॅटिनची कोणी लागत नाही. तिथे दोन सांगा की दोनशे, अंडे एकवचनातच राहते: ‘तोयाश’. फक्त ते मागायचे असेल तर कर्म म्हणून शेवटी ‘त’ जोडावा लागतो. त्यासाठीची पुस्तिका वेगळी घ्यावी.