शुभ शुभ बोल

बालाघाटकडच्या मराठी घरांत धानाच्या रोवणीचा हिशेब मृग लागण्याआधी होतो, नातवाच्या लग्नाचा तो पाळण्यात असतानाच. मृत्युपत्राचं नाव काढलं, की मात्र म्हातारा ‘शुभ शुभ बोल रे’ म्हणून हात झटकतो. जणू कागदावर सही झाली, की यमाला नोटीसच पोचते. खरं तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं काम फारच स्वस्त ठेवलंय: साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदार. स्टॅम्प नको, नोंदणीसुद्धा ऐच्छिक. इतकं सोपं असल्यामुळेच कुणाचा विश्वास बसत नसावा.

मग तेरवीचं जेवण उरकतं आणि मंडळी फौती नामांतरणाचा अर्ज घेऊन तहसीलीत. एक पोरगा नागपुरात, दुसरा गोंदियात, बांध्या वैनगंगेकाठी, आणि खसऱ्यावर अजून आजोबाच धडधाकट! बहिणींना २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतकाच वाटा आहे, हे बहिणींपेक्षा भावांना जास्त ठाऊक. म्हणून तर त्या वर्षी भाऊबीजेची साडी जरा भारी येते, आणि साडीच्या घडीत हकत्यागाचा कागद. ताई, इथं फक्त सही कर. बाकी घर तुझंच आहे.