कडू, पण परवडणारं

इंग्लंडातली चार वर्षं संपवून न्यू जर्सीत आलो आणि जिभेला आठवण झाली ती बिटरची. तांबूस, कमी फेसाची, चार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, गरीब स्वभावाची बिअर. इथल्या दारूच्या दुकानात "बिटर आहे का?" विचारलं, तर काउंटरवरच्या गुजराती काकांनी कॉकटेलमध्ये थेंब थेंब घालायच्या अर्काची बोटभर बाटली पुढे केली. "यही है, भाई."

शेवटी आयात मालाच्या फळीवर, बेल्जियमच्या शेजारी, धूळ पांघरून बसलेली अर्ध्या लिटरची एक इंग्लिश बाटली सापडली. किंमत बघून वाटलं, बाई बिझनेस क्लासनं आल्या असाव्यात. बाकी दुकान इंडिया पेल एलनं भरलेलं. नाव इंडियाचं, हॉप्स अमेरिकेचे, आणि कडूपणा असा की कारल्यानं तोंडाला पदर लावावा. (बिटर बिचारी नावाइतकी कडू नसतेच.)

खरी बिटर पिंपातच पुन्हा आंबते आणि पिंप उघडलं की थोड्याच दिवसांत उतरते. तिला परदेशी धाडणं म्हणजे तव्यावरची पुरणपोळी कुरियरनं मागवणं. तरी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या बर्टन गावची पेल एल शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून, मुंबईतल्या साहेबापर्यंत पोचतच होती.

लंडनहून कोणी येणार असेल तर कळवा. अमेरिकेत कस्टम एक लिटर दारू सोडतं. म्हणजे बरोब्बर दोन बाटल्या.