अग्राह्य पुरावा : भिगवणच्या चिलापीसंदर्भात काही मीमांसा

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणला जेवायला थांबलेला माणूस आधी विचारतो, "मासा ताजा आहे ना?" वाढपी म्हणतो, "सकाळीच आलाय, साहेब." हे उत्तर पुराव्यात घेता येईल काय, एवढाच प्रस्तुत प्रबंधाचा विषय.

घेता येणार नाही. तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा, पाहिले असेल तर पाहणाऱ्यानेच येऊन सांगावे, असे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ६० बजावत असे. १ जुलै २०२४ पासून तेच काम भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ५५ करते. वाढप्याला आचाऱ्याने सांगितले, आचाऱ्याला मालकाने, मालकाला बाजारातल्या कुणीतरी. उजनी धरणाच्या पाण्यात जाळे टाकणारा या साखळीत कुठेच नाही. सबब उत्तर ऐकीव, म्हणून अग्राह्य.

पूर्वपक्ष म्हणेल, मग चिलापीलाच हजर करा. लाल कल्ले हा उत्तम वस्तुपुरावा खरा. पण ताटात येईतो त्यावर मसाल्याचा लेप चढलेला असतो. (पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. रस्सा चांगला असल्यास तो माफ करण्याची प्रथा आहे.)

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांचे प्रकरण अधिक नाजूक. "काल हजारभर होते," म्हणून मेव्हणा मोबाईलवर आलेला फोटो दाखवतो. येथे जालन्याचा खोतकर-गोरंट्याल खटला आठवावा. २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत पोचले की नाही, हा वाद चित्रफितींपर्यंत गेला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब चा दाखला हवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत आणले तर दाखला लागत नाही. मेव्हण्याकडे दाखला नाही, मूळ मोबाईल कुणाचा हे त्याला ठाऊक नाही, आणि रोहित समन्स घेत नाहीत.

तथापि चोरून मिळवलेला पुरावा आपोआप बाद, हा समज भाबडा आहे. मुंबईचे कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) मलकानी यांच्याविरुद्धच्या खटल्यात टेलिफोनवरचे बोलणे पोलिसांनी गुपचूप टिपले होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. तेव्हा न विचारता भटारखान्यात शिरून कल्ले उघडून पाहणे अशिष्ट असेल, अग्राह्य नव्हे. त्यावर आचारी झारा घेऊन काय करतो, हा भारतीय न्याय संहितेच्या अभ्यासकांचा प्रांत आहे.